खोल कोरलेली फुलं

बुखारा, १५ जानेवारी १९६८

आदरणीय उस्तो याह्यो यांस शागीर्द असरोरचा सलाम.

तुम्ही ताशकंदला गेल्याला आज तेवीस दिवस झाले. तुमच्या शेडचं कुलूप मी रोज संध्याकाळी दोनदा ओढून पाहतो. कोरीवकामासाठी चाळलेली गंचाची पांढरी पूड कोरड्या जागी आहे. थिएटरचं काम कसं चाललं आहे ते कळवावं.

आता मुख्य गोष्ट. काल संग्रहालय होणाऱ्या त्या जुन्या व्यापाऱ्याच्या घरात पश्चिमेच्या भिंतीसाठी तुम्ही कोरलेल्या तख्त्यांच्या आठही पेट्या उघडल्या. मुकादम झाल्यापासून तुराब-अकांना प्रत्येक पेटी स्वतःच उघडायची असते. त्यांनी पहिलं झाकण उचकटलं, आत वाकून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "असरोर, तुझ्या उस्तोनं साचाच पाठवलाय की रे! माल कुठाय?"

सगळे हसले. मीही थोडा हसलो, कारण मला वाटलं वरची तख्ती उलटी ठेवली असेल. उलटी नव्हती. आठही तख्त्यांवरची सगळी फुलं खोल कोरलेली आहेत. एकही पाकळी बाहेर आलेली नाही. प्रत्येक फुलाच्या तळाशी नखाएवढा आरशाचा तुकडा बसवलेला आहे. मी सगळी फुलं मोजली, दोनशे सोळा. दोनशे सोळाही खड्डे.

पहिल्याच वर्षी तुम्ही मला शिकवलंत, की डोक्याच्या वर लागणारं फूल भिंतीतून बाहेर यायला हवं आणि पाकळी खाली वाकलेली हवी, म्हणजे खाली उभ्या माणसाच्या डोळ्यात भरते. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे, तारखेसह. या तख्त्या जमिनीपासून साडेचार गज उंच लागणार आहेत. मग हे काय आहे?

मला वाईट शंका घ्यायची नाही. पण तुम्ही प्रत्येक झाकणाला बारा खिळे ठोकता हे मला माहीत आहे, आणि पाचव्या पेटीला अकरा होते. पेट्या दोन आठवडे तुराब-अकांच्या ताब्यात होत्या. त्यांनी काही बदललं असेल का? पाकळीच्या देठाची वळणं तुमच्याच हातची वाटतात, पण शपथ घेऊन सांगता येत नाही, कारण या तख्त्या कोरताना तुम्ही शेडचं दार आतून लावून घेत होता. सहा वर्षांत प्रथमच. मी बाहेर गंच चाळत बसायचो आणि आत काय चाललं आहे ते आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करायचो.

पश्चिमेची भिंत नीट उभी राहिली तर उद्‌घाटनाच्या दिवशी मला फातिहा, म्हणजे मोकळं होण्याची दुवा, द्याल, असं तुम्ही चार उस्तोंसमोर बोलला आहात. फातिहा मिळेपर्यंत मी कुणाच्या घरचा साधा कोनाडासुद्धा स्वतःच्या हिमतीवर करू शकत नाही. माझ्याबरोबरचे दोघे कधीच मोकळे झाले. म्हणून ही भिंत चुकून चालणार नाही. कृपया स्पष्ट कळवावं.

तुमचा शागीर्द,
असरोर


४ फेब्रुवारी

आदरणीय उस्तो,

तुमचं पत्र मिळालं. चार ओळींचं आहे म्हणून पाठ झालं. "पेट्या माझ्याच आहेत. आहेत तशा लाव. कशालाही छिन्नी लावू नकोस. थंडीत छाती जप."

माझ्या पत्राला तीन पानं होती. त्यात मी विचारलं होतं, हे काय आहे. त्याचं उत्तर नाही. पाकिटाचा गोंद एका बाजूला सुटलेला होता, तेव्हा ते वाटेत कुणी उघडलं का हेही सांगता येत नाही. यापुढे पाकीट बंद केल्यावर जोडावर माझी सही असेल. तुम्हीही तसं करावं.

तुमच्या शब्दाप्रमाणे आम्ही एक तख्ती गिलावा न लावता नुसती वर टेकवून पाहिली. मी खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभा राहिलो, मग मधोमध बसलो, मग दारातून पाहिलं. भिंत मेलेली दिसते. फुलं दिसतच नाहीत, दात पडलेल्या हिरड्या दिसतात. छत खाली आल्यासारखं वाटतं. संग्रहालयाच्या नव्या संचालिका ओयदिन साफारोव्ना (तुम्ही गेल्यावर नेमल्या गेल्या, म्हणून सांगतो) येऊन बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, "याह्योंचं नाव खूप ऐकलं होतं." एवढंच. ते 'होतं' मला रात्रभर टोचलं.

त्या गेल्यावर तुराब-अकांनी मला चहाला बसवलं. ते मला चहाला बसवतात तेव्हा मी सावध असतो.

"पोरा, तुझ्या उस्तोचे डोळे कसे आहेत रे?"

"चांगले आहेत."

"मग मन चांगलं नसेल. कोमिल कोण ते माहिताय?"

मी म्हणालो, उस्तोंच्या बायकोचा भाचा.

"भाचा! आता शागीर्द झालाय. ताशकंदात सगळ्यांसमोर तुझ्या उस्तोच्या हाताखाली असतो. म्हाताऱ्याला एकच फातिहा द्यायची असेल तर ती परक्याला देईल की घरच्याला? तुला भिंत अशी दिली की तू आपटशील आणि दोष तुझा. त्याला 'नाही' म्हणायलासुद्धा लागणार नाही."

मी म्हणालो, माझे उस्तो असे नाहीत. हे मी खरंच म्हणालो, तुराब-अकांना विचारू शकता. पण कोमिलबद्दल तुम्ही मला काहीच कळवलं नव्हतंत. ही बातमी मला तुमच्याकडून मिळायला हवी होती.

तख्त्या खोल का आहेत, एवढं एका ओळीत लिहा. मी दुसरं काही मागत नाही.

असरोर


२ मार्च

उस्तो,

तुमचं दुसरं पत्र. "कारागिरीची गोष्ट तोंडातून कानात जाते, कागदावर उतरत नाही. माझ्या उस्तोनं मला असंच दिलं. एप्रिलअखेर येईन तेव्हा कानात सांगेन. तोवर हात आवर."

हा रिवाज मला माहीत आहे. पण रिवाज गुपितासाठी आहे. मी गुपित विचारलेलं नाही, चूक आहे की नाही ते विचारलं आहे. आणि तुम्ही एप्रिलअखेर येणार, उद्‌घाटन तीन मेला. आठ तख्त्या वर चढवून जोड भरायला मला किमान पाच आठवडे लागतात. हा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. म्हणजे तुम्ही येईपर्यंत जे चुकायचं ते चुकून गेलेलं असेल. यात मी काय समजायचं?

आणखी एक. घराची राखणदार सालोमत-खाला तुमच्या ओळखीची आहे, हे तुम्ही कधी बोलला नव्हता. तिची आई याच घरात स्वयंपाकाला होती म्हणे. मागच्या गुरुवारी मी शिडीवर असताना ती खाली झाडू घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इतकं का तोंड पाडून बसलायस? अंगणातला हौद भरू दे. मी फ्रॉकात होते तेव्हा सकाळी पाण्याचा उजेड या भिंतीवर चढायचा आणि फुलं अशी बाहेर यायची की माझी आई म्हणायची, तोडायला जाऊ नकोस गं, पडशील."

"ती फुलं वेगळी होती, खाला. ती कधीच पडून गेली."

"फुलं वेगळी. भिंत तीच ना? आणि तुझा उस्तो इथं तीन वेळा येऊन बसला होता. मला विचारत होता, उजेड किती वाजता चढायचा, कुठपर्यंत जायचा. मी त्याला चहा दिला, त्यानं मला हलवा दिला."

मी यावर विचार केला. हौद चाळीस वर्षांपूर्वी रोगराईच्या भीतीनं कोरडा केला. संग्रहालयाच्या नकाशात तो पुन्हा भरायचा आहे हे खरं, पण शोभेसाठी, कडेनं बाक ठेवून. पाण्याच्या उजेडानं खड्ड्याचं फूल होतं, असं मी कुठल्याही उस्तोच्या तोंडून ऐकलेलं नाही. आणि तसं असतं तर तुम्ही एका म्हाताऱ्या बाईकडे बोललात ते सहा वर्षं हाताखाली असलेल्या शागिर्दाला का सांगितलं नाहीत? नाही सांगितलंत. म्हणजे ते खरं नसणार. मला वाटतं मी काय करतो त्याची खबर तुम्हाला तिच्याकडून जाते. तसं असेल तर तिला सांगा, शिडीखाली उभं राहून माझी छिन्नी मोजू नकोस.

एका तख्तीवर मी थोडा प्रयोग करून पाहिला आहे. त्याबद्दल पुढे लिहीन.

असरोर


२५ मार्च

उस्तो यांस,

नवरोजच्या शुभेच्छा. आईनं गव्हाच्या कोंबांचा सुमलक केला होता, तुमच्या वाटणीचा शेजाऱ्यांना दिला.

काम ठीक चाललं आहे. संचालिका परवा येऊन गेल्या. भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "आता कसं!" माझ्याशी त्यांनी हात मिळवला. नवं झुंबर लागलं आहे, अठरा दिव्यांचं, त्यात भिंत चांगली दिसते.

तुम्ही विचारलं आहे, "हात आवरला आहेस ना?" भिंत नीट उभी राहावी असं तुम्हीच म्हणाला होतात. ती नीट उभी राहते आहे. याहून जास्त कागदावर काय उतरवणार?

कोमिलला माझा नमस्कार सांगावा. त्याला तरी दार उघडं ठेवून शिकवत असाल.

असरोर


१९ एप्रिल

आदरणीय उस्तो,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. पहिल्या तिन्हींत मी खोटं लिहीत होतो, अगदी सावकाश, चांगल्या अक्षरात.

प्रयोग एका तख्तीवर केला नव्हता. पाच तख्त्यांवर केला. मी दोन मार्चला तुम्हाला लिहिलं तेव्हाच दोन झाल्या होत्या. पंचवीस मार्चला पाचवी संपली. खोल फुलांत ताजा गंच भरला, आरसे आत गाडले गेले, आणि त्यावर मी नवी फुलं कोरली, बाहेर आलेली, पाकळी खाली वाकलेली, वहीत लिहिल्याप्रमाणे. पाच तख्त्या म्हणजे एकशे पस्तीस फुलं. काम स्वच्छ आहे. मी प्रत्येक पाकळी पट्टीनं तपासली. उरलेल्या तीन फक्त यासाठी वाचल्या की गंचाची नवी गाडी यायला उशीर झाला.

काल सकाळी अंगणातल्या हौदात पाणी सोडलं. कालव्याचं पाणी, गढूळ होतं, पण रात्रीतून निवळलं. आज मी आत जोड भरत होतो. साडेआठला सालोमत-खालानं पूर्वेच्या सगळ्या दारांचे पडदे बाजूला सारले आणि मधोमध जाऊन उभी राहिली.

उस्तो, उजेड जमिनीवरून भिंतीवर चढला. वरून खाली नाही, खालून वर. हलत होता. तुमच्या तीन तख्त्यांपर्यंत पोचला आणि तिथली फुलं बाहेर आली. मी शिडीवर चढून एका फुलात बोट घातलं. बोट खड्ड्यात गेलं, दुसऱ्या पेरापर्यंत. आणि डोळ्यांसमोर तेच फूल भिंतीतून उमलून माझ्या तोंडाशी आलेलं होतं. मी बोट काढलं, पुन्हा घातलं. डोळा आणि बोट यांचं एकमत होईना. तळातल्या आरशांनी उजेड छतावर फेकला होता आणि त्या तीन तख्त्यांवरचं छत हातभर वर गेल्यासारखं दिसत होतं. इतका वेळ ती खोली होती, तेवढ्या भागात ती दिवाणखाना झाली.

मग मी डावीकडे पाहिलं. माझ्या पाच तख्त्यांवर फुलं नव्हती. बाहेर आलेली प्रत्येक पाकळी त्या उजेडात आत गेली होती. देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखी भिंत. वर छत जिथल्या तिथे, काळं.

खाला म्हणाली, "या पाचांना काय झालं रे? आजारी होत्या का?"

मी शिडीवरून उतरू शकलो नाही. साडेनऊपर्यंत तिथेच होतो. मग उजेड उतरला आणि सगळं पूर्वीसारखं झालं. माझी फुलं सुंदर, तुमची हिरड्यांसारखी.

हे एवढ्यावर थांबत नाही. दुपारी ओयदिन साफारोव्ना आल्या. त्यांनी झुंबर लावलं आणि म्हणाल्या, "असरोर, पाच इतक्या चांगल्या केल्यास, या तीन का राहिल्या? महिनाअखेरपर्यंत बाकीच्यांसारख्या कर. मोठे पाहुणे येणार आहेत." मी सांगितलं, सकाळी साडेआठला येऊन बघा. त्या म्हणाल्या, "उद्‌घाटन संध्याकाळी आहे." मी पुन्हा सांगितलं तर म्हणाल्या, "तूच ना तो, ज्यानं मला फेब्रुवारीत सांगितलं होतंस की या तख्त्यांत चूक आहे?"

तो मीच. ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. पाच तख्त्यांची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली होती, लेखी, तुमच्या चुकीचं कारण देऊन.

तुराब-अकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गप्प राहा. तीनही भरून टाक. आठ एकसारख्या झाल्या की कुणाला काय कळणार? पाणी गप्प, भिंत गप्प, तूही गप्प." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि मी कोमिलबद्दल बोललो ते ऐकीव होतं हां. मी काही पाहिलेलं नाही."

पाचव्या पेटीचा बारावा खिळा मला पेटीच्या तळाशी सापडला. तो वाकला होता म्हणून निघाला असावा.

तीन तख्त्यांना मी छिन्नी लावणार नाही, पण मी नाही लावली तर तुराब-अका दुसऱ्याला लावायला सांगतील. मला थांबवता येणार नाही. लवकर या. मला फातिहा मागायला तोंड नाही, त्यासाठी बोलावत नाही. तीन वाचवायला या.

असरोर


७ मे

आदरणीय उस्तो,

तुमची गाडी गेल्यावर मी फलाटावरून थेट घरी आलो. तीन दिवस झाले. जे तोंडानं बोलता आलं नाही ते आता लिहितो. सगळं तुमच्यासमोरच घडलं, पण माझ्या बाजूनं कसं घडलं ते तुम्हाला माहीत नाही.

सव्वीस तारखेला तुम्ही थैली हातात घेऊनच त्या घरी आलात. मला वाटलं होतं तुम्ही मला माराल. निदान शिवी द्याल. तुम्ही फक्त विचारलंत, "किती वाजता चढतो?" मी म्हणालो, साडेआठला. मग आपण दोघं जमिनीवर बसून वाट पाहत होतो. उजेड चढला तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं नाही, तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही रडत होता. माझ्या पाच तख्त्यांमुळे, असं मला तेव्हा वाटलं. नंतर शिडीवर चढून तुम्ही माझ्या फुलांवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "हात तयार झालाय तुझा." मला तुमच्या शिवीपेक्षा ते जड गेलं.

अकराला संचालिका आल्या. तुराब-अका त्यांच्या मागे होते, टोपी हातात घेऊन. संचालिकांनी विचारलं, "उस्तो, या तीन तुमच्या आणि या पाच तुमच्या शागिर्दानं सुधारलेल्या, बरोबर ना? मग या तीन का सुधारू नयेत?"

मी तोंड उघडलं होतं. मी सांगणारच होतो. पण तुम्ही आधी बोललात.

"कोण म्हणतं सुधारल्या? आठही माझ्या. पाच मी एका तऱ्हेनं कोरून घेतल्या, तीन दुसऱ्या. म्हाताऱ्याची लहर समजा. कुणाला वाकड्या वाटत असतील तर वाकडेपणा माझा. पण माझ्या कामाला माझ्या जिवंतपणी दुसऱ्याची छिन्नी लागणार नाही."

"पण कागदावर तर..." संचालिका म्हणाल्या.

"कागद पोरानं घाबरून लिहिला. पोरं घाबरतात."

 त्या म्हणाल्या, "तुमच्या नावावर जाईल, उस्तो. लोक म्हणतील, शेवटी शेवटी हात बिघडला."

"म्हणू देत," तुम्ही म्हणालात. "लोकांना संध्याकाळी काहीतरी बोलायला लागतंच."

तीन तख्त्या वाचल्या.  मी तुमच्याबद्दल चार पत्रांइतका संशय लिहू शकलो, आणि तिथे एक वाक्य बोलू शकलो नाही.

दुपारी खालाच्या खोलीत आपण जेवायला बसलो होतो तेव्हा मी तुम्हाला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत? एक ओळ." तुम्ही नान मोडत होता. म्हणालात, "काय सांगणार होतो? मला तरी कुठं माहीत होतं? माझ्या उस्तोनं कानात सांगितलं होतं की पाण्यासमोरच्या भिंतीत फूल खोल कोर. पण मी शिकलो तेव्हा गावातले सगळे हौद कोरडे झाले होते. मी आयुष्यात एकदाही करून पाहिलेलं नव्हतं. त्यानंही पाहिलं होतं की नाही, देव जाणे. दार लावून कोरत होतो, कारण फसलं तर तुराब वर्षभर हसला असता. तुला लिहिलं असतं आणि फसलं असतं, तर तू ते तारीख घालून वहीत ठेवलं असतंस."

आणि मग तुम्ही हसलात. खालाही हसली. मी हसू शकलो नाही. चार महिने मी ज्याला कट समजत होतो ती तुमची भीती होती. सकाळी तुम्ही रडलात ते माझ्या तख्त्यांमुळे नव्हतं. तुमच्या उस्तोचा शब्द खरा निघाला, म्हणून रडलात. आठांपैकी तीन तख्त्यांवर तो खरा निघाला. आठांवर कसा दिसला असता ते आता कुणीच पाहणार नाही.

उद्‌घाटनाच्या संध्याकाळी झुंबराखाली लोक जमले. मी गर्दीत मागे होतो. दोन पाहुणे माझ्या पाच तख्त्यांकडे बोट करून वाहवा करत होते, आणि तिसरा तुमच्या तीनांकडे बघून हळूच म्हणाला, "वय झालं उस्तोचं." त्यानंतर अंगणात तुम्ही मला बोलावलंत. चार उस्तो उभे होते. तुम्ही फातिहेसाठी हात उचललेत, आणि मी चहा आणतो म्हणून निघून गेलो. परत आलोच नाही. चारही उस्तोंना वाटलं असेल, पोराला अजून राग आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी फलाटावर तुम्ही ते विचारलंही नाहीत.

राग नव्हता. माझी चूक तुमच्या नावाखाली भिंतीवर आहे आणि मी खाली उभा राहून दुवा घ्यायची, हे मला जमलं नाही. तीन तख्त्या वाचवण्यासाठी तुम्ही खोटं बोललात ते मला कळतं. पण आता त्या वाचल्या आहेत. खोटं अजून वर लटकत राहायचं कारण नाही.

आपल्यात फातिहा न मिळालेल्या शागिर्दानं कामावर नाव घालायचं नसतं. मी आज सकाळी तो रिवाज मोडला. माझ्या पाच तख्त्यांखाली जी साधी पट्टी आहे, तिच्यावर ताजा गंच लावला आणि शिडीवर उभा राहून अक्षरं कोरली, खालून वाचता येतील एवढी मोठी. तुराब-अका आले आणि ओरडले, "अरे ए, वेड लागलं का? नाव चांगल्या कामावर घालतात!"

मी म्हणालो, "मग वाईटावर कुणाचं घालायचं, तुराब-अका?"

  ते जवळ येऊन शिडी धरून उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "सोमवारी ती बाई बघेल तेव्हा तुला हाकलेल."

"हो."

"बरं मग, डावीकडचं अक्षर जरा चढलंय. खाली घे."

मी खाली घेतलं.

आता तिथे असं लिहिलेलं आहे: "या पाच तख्त्या शागीर्द असरोरनं उस्तोला न विचारता बिघडवल्या, १९६८. उजवीकडच्या तीन उस्तो याह्योंच्या आहेत. त्या सकाळी पाहाव्यात."

गंच अर्ध्या तासात आवळला. मी प्रत्येक अक्षरावरून नख ओढून पाहिलं. आता हलत नाही.

असरोर